संगणकावरचा प्रोग्राम उघडत नाही तेव्हा

चाकणच्या बाजारात कांदा उतरवून परत निघालेल्या एखाद्या शेतकऱ्याला तुम्ही विचारलेत, "विहिरीवरची मोटर चालू होत नाही, काय करावे?" तर तो लगेच मोटर खोलायला सांगणार नाही. तो आधी विचारील, लाइट आहे का? असेल तर तिन्ही फेज आहेत का? स्टार्टरचे बटण दाबल्यावर खट्‌कन आवाज येतो, की काहीच होत नाही? मोटर नुसती घुमते, की फिरते पण पाणी उचलत नाही? शेवटचे असेल तर दोष बहुधा मोटरमध्ये नाहीच. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल किंवा पाइपात हवा धरली असेल. चारपाच प्रश्नांत तो दुखण्याच्या जागेपाशी येऊन पोचतो, आणि तोवर त्याने पान्हा हातातही घेतलेला नसतो.

आता हाच माणूस मुलाच्या संगणकासमोर बसतो. पडद्यावरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारतो, काही घडत नाही, आणि तो म्हणतो, "बिघडला." शाळेतले गुरुजी तरी काय करतात? दहावीच्या अर्जांची मुदत उद्यावर आलेली असते, प्रोग्राम उघडत नाही, आणि कोणीतरी सुचवते, "फॉरमॅट मारून टाका." म्हणजे हार्डडिस्क साफ पुसून सारे नव्याने बसवा. पाणी येत नाही म्हणून विहीरच बुजवण्यासारखे हे झाले. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, संगणकशास्त्र नव्हे. पण "उघडत नाही" या दोन शब्दांपासून खऱ्या कारणापर्यंत कसे जायचे, हा प्रश्न मुळात तर्कशास्त्राचाच आहे.

प्रथम, टिचकी मारल्यावर आत काय होते ते पाहू. पडद्यावर दिसते ते लहानसे चित्र म्हणजे प्रोग्राम नव्हे. ती नुसती पाटी. खरा प्रोग्राम हार्डडिस्कवर कुठल्याशा फोल्डरात असतो आणि पाटीवर त्याचा पत्ता लिहिलेला असतो. फोल्डर कोणी हलवला किंवा पुसला तरी पाटी आपली जागच्या जागी राहते, पत्ता मात्र खोटा ठरतो. पत्ता बरोबर असला तर विंडोज, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी व्यवस्था, तपासते की या वापरणाऱ्याला हा प्रोग्राम चालवण्याची परवानगी आहे काय. मग प्रोग्राम हार्डडिस्कवरून कामाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, आणला जातो. पण नवरदेव वऱ्हाडावाचून निघत नाही, तसा प्रोग्रामही एकटा येत नाही. त्याच्याबरोबर मदतनीस फायली लागतात; त्यांना डीएलएल म्हणतात. एकेक मदतनीस फाइल अनेक प्रोग्रामांच्या उपयोगी पडते, म्हणूनच एखादी हरवली की एकदम दोनतीन प्रोग्राम आजारी पडलेले दिसतात. वऱ्हाड जमल्यावर प्रोग्राम आपल्या मागच्या नोंदी वाचतो, काही तात्पुरत्या फायली लिहितो, परवान्याचा असेल तर परवाना पाहतो, आणि एवढे सगळे झाल्यावर खिडकी उघडते. आपल्याला दिसते ती खिडकी हा अगदी शेवटचा टप्पा आहे.

म्हणून "उघडत नाही" एवढे सांगून भागत नाही. कसा उघडत नाही? टिचकी मारल्यावर काहीच हालचाल होत नाही, की खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होते? खिडकी येते पण गोठून बसते? की काही संदेश झळकतो? मोटर घुमणे आणि मोटर गप्प बसणे यांत जेवढा फरक, तेवढाच यांत आहे.

मोटर फिरते पण पाणी नाही, या अवस्थेचे उदाहरण आधी घेऊ, कारण जुन्या संगणकांवर ते फार आढळते. प्रोग्राम आत चालू झालेला असतो, खिडकी मात्र आलेली नसते. आपण पुन्हा टिचकी मारतो, पुन्हा मारतो, आणि बिचाऱ्या संगणकाला एकाच प्रोग्रामाच्या पाचपाच प्रती उघडण्याचा हुकूम होतो. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. चालू असलेल्या साऱ्या प्रोग्रामांची ती हजेरीपत्रिका आहे. तीत आपल्या प्रोग्रामाचे नाव दिसले तर तो मेलेला नाही, अडकलेला आहे. त्या नावावर उजवी टिचकी मारून 'एंड टास्क' म्हणा, सगळ्या प्रती घालवा, मग एकदाच टिचकी मारा आणि शंभर अंक मोजेपर्यंत हात माउसवरून काढून घ्या. यात चेष्टा नाही. पुष्कळ प्रोग्राम एवढ्याने उघडतात. न उघडल्यास सी ड्राइव्हमध्ये जागा किती उरली ते पाहा. तात्पुरत्या फायली लिहायला जागाच नसेल तर प्रोग्राम दारातून परत फिरतो, आणि पुष्कळदा कारणही सांगत नाही.

आता संदेशाविषयी. इंग्रजी वाक्य आणि त्यात भर म्हणून आकड्यांची माळ, हे पाहिले की आपण धमकीचे पत्र आल्यासारखे घाबरतो आणि झटकन 'ओके' दाबून मोकळे होतो. वास्तविक तो संदेश म्हणजे एकमेव साक्षीदाराची जबानी असते, आणि ती आपण न वाचताच फाडून टाकतो. संदेश आला की आधी मोबाइलने त्याचा फोटो घ्या. मग शब्द लावून वाचा. इंग्रजी येणारा एखादा विद्यार्थी हाताशी असतोच. समजा, 'एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल' सापडली नाही असे लिहिले आहे. म्हणजे वऱ्हाडातला कोण आला नाही, त्याचे नावच संगणकाने सांगितले! ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' या संचात येते आणि तो संच मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा: संगणक ६४ बिटांचा असला तरी ३२ बिटांच्या प्रोग्रामाला संच ३२ बिटांचाच लागतो. पुष्कळांची गाडी इथेच अडते. आणि सुटी डीएलएल फाइल देणारी जी अनोळखी संकेतस्थळे आहेत, त्यांच्या दारात जाऊ नका. त्या फाइलीबरोबर काय घरात येईल याचा नेम नाही.

संदेश आला नाही, हजेरीत नाव नाही, जागाही भरपूर आहे, मग काय? इथून खरा विचार सुरू होतो.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना 'व्हाय-व्हाय' हा शब्द परिचयाचा आहे. मशीन थांबले की 'का?' असे विचारायचे, मिळालेल्या उत्तराला पुन्हा 'का?' विचारायचे, असे पाचदा. ही रीत टोयोटा कंपनीची. तिथले ताइइची ओनो यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात तिचे जे उदाहरण दिले, ते बंद पडलेल्या यंत्राचेच आहे. यंत्र का थांबले? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला तेल पुरले नाही. का पुरले नाही? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. आणि दांडा का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. पहिल्या उत्तरावर थांबून नुसता फ्यूज बदलला असता तर यंत्र पुन्हा थांबले असते. घरी येऊन संगणकापुढे बसल्यावर हेच कामगारबंधू पहिल्याच 'का'ला "व्हायरस असेल" असे उत्तर देऊन मोकळे होतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

'का'चे उत्तर शोधायचे कसे, यासाठी तर्कशास्त्रात एक पद्धत आहे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८४३ साली आपल्या ग्रंथात ती मांडली. मराठीत तिला आपण व्यतिरेक पद्धती म्हणतो. दोन प्रसंग घ्या. एकात घटना घडते, दुसऱ्यात घडत नाही. बाकी सारे सारखे असून एकाच गोष्टीत फरक असेल, तर कारण त्या फरकात शोधा. म्हणून मी दोन प्रश्न विचारायला सांगतो. हा प्रोग्राम शेवटचा कधी चालला होता? आणि त्यानंतर काय बदलले?

"काहीच बदलले नाही," असे उत्तर हमखास येते. ते क्वचितच खरे असते. सुदैवाने विंडोज स्वतः रोजनिशी ठेवते. स्टार्टच्या जागी इंग्रजीत 'रिलायबिलिटी' हा शब्द लिहा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' निवडा. तारखांचा तक्ता उघडेल. ज्या दिवशी एखादा प्रोग्राम कोसळला त्या दिवशी लाल फुली असते, आणि कोणत्या दिवशी काय नवे बसवले गेले त्याचीही नोंद असते. मंगळवारी नवा अँटिव्हायरस बसला आणि बुधवारपासून लाल फुल्या सुरू झाल्या, तर संशय कुठे घ्यायचा हे सांगायला नको. अँटिव्हायरस कधी कधी एखादी फाइल संशयावरून उचलून कोठडीत टाकतो. त्याच्या 'क्वारंटाइन' यादीत ती दिसते. मात्र दुकानदाराने कुलूप तोडलेली चोरटी प्रत बसवून दिली असेल, तर त्या अटकेत अँटिव्हायरसचा दोष नाही. ती फाइल सोडवून आणू नका.

दुसरा प्रयोग याहून सोपा. त्याच संगणकावर नव्या नावाने दुसरे खाते उघडा, त्यातून आत जा आणि तोच प्रोग्राम सुरू करून पाहा. संगणक तोच, प्रोग्राम तोच, विंडोज तेच; बदलले फक्त खाते. प्रोग्राम उघडला, तर दोष पहिल्या खात्यातल्या नोंदींत आहे. या एका प्रयोगाने अर्धे क्षेत्र तपासातून बाद होते.

या प्रयोगातून कधी कधी मराठी माणसाच्या खास वाट्याला येणारे एक दुखणे उघडकीला येते. नवा संगणक आणला, मोठ्या हौसेने खात्याचे नाव देवनागरीत लिहिले. विंडोजला त्याची काही अडचण नाही. पण त्याच नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि प्रोग्रामांच्या नोंदी, तात्पुरत्या फायली त्यात ठेवल्या जातात. काही जुन्या किंवा निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रोग्रामांना रोमन अक्षरांपलीकडचा पत्ता वाचता येत नाही. ते मुकाट्याने बंद पडतात. गंमत अशी, की नंतर खात्याचे नाव बदलून रोमन केले तरी फोल्डरचे नाव तेच राहते. रोमन अक्षरांत नवे खाते काढावे लागते. आपल्या लिपीत नाव लिहिणाऱ्याला ही शिक्षा का, असा राग तुम्हाला येईल. तो रास्त आहे, आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कळवलाच पाहिजे. तोवर फायलींची नावे मराठीत ठेवा, खात्याचे नाव मात्र रोमनमध्ये.

शिक्षकबंधूंनो, जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हाचे एक दुखणे तुमच्यासाठी सांगतो. दीड महिना संगणक बंद होता. चालू केला तर ब्राउझर म्हणतो, जोडणी सुरक्षित नाही. परवान्याचे प्रोग्राम म्हणतात, परवाना चालत नाही. सगळे एकदम बिघडले! अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती कुठल्या तरी जुन्या सालातली असेल. संगणकाच्या मुख्य पाटावर 'सीआर२०३२' नावाची, नाण्याएवढी बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालते, आणि काही वर्षांनी ती संपते. तारीख चुकली की प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत चुकीची दिसू लागते. तारीख दुरुस्त केली की काम तात्पुरते चालू होते. थोडक्या पैशांची ती बॅटरी बदलली की कायमचे.

काही प्रोग्राम मात्र खरोखरच उघडणार नसतात, आणि त्यांच्यामागे वेळ घालवण्यात अर्थ नाही. विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिटांचे प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर सुरूच होत नाहीत, आणि विंडोज ११ तर ६४ बिटांचेच आहे. विंडोज ७ वर क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून बसत नाहीत. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या दिवशी काही बंद पडले असे नव्हे, पण पुढचा रस्ता अरुंद होत जाणार. आणि शाळांच्या कपाटांतल्या त्या शैक्षणिक सीडी! त्यांतले पुष्कळ धडे 'फ्लॅश' या तंत्राने केलेले होते. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश थांबवले आणि १२ जानेवारी २०२१ पासून ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर धडे दाखवायचेच नाकारू लागला. सीडी चांगली, संगणक चांगला, पण धडा उघडत नाही. त्या सीडी एवढ्यात टाकू नका. 'रफल' नावाचा एक मुक्त प्रोग्राम फुकट मिळतो, तो फ्लॅशच्या अनेक जुन्या फायली चालवतो. सगळ्या नाही, पण एकेक घालून पाहायला काय हरकत आहे?

आता फॉरमॅटविषयी, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. फॉरमॅट केल्याने प्रोग्राम बहुधा उघडतो, हे खरे. कारण मात्र कळत नाही, आणि संगणकाबरोबर शाळेची दहा वर्षे पुसली जातात. निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी, स्नेहसंमेलनांचे फोटो. तुम्ही म्हणाल, आम्ही फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवतो. छान. पण त्या फायली कोणत्या अक्षरांत आहेत? युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपण मराठी टाइप करत होतो ते 'किरण', 'शिवाजी' अशा फॉन्टांत, किंवा पुण्यातच तयार झालेल्या 'श्रीलिपी'त. त्यांत अक्षरे वरून मराठी दिसत, आत मात्र रोमन अक्षरांच्या जागा वापरलेल्या असत. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला, की तीच फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन कचरा दिसतो. शाळेत समज होतो की फाइल सडली, आणि कोणीतरी ती पुसून टाकते. फाइल धडधाकट असते. हरवलेला असतो तो फॉन्ट. तो परत बसवला की एकूण एक अक्षर परत येते. म्हणून दुकानात संगणक देण्यापूर्वी डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप यांबरोबर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातला 'फॉन्ट्स' हा फोल्डरही उतरवून घ्या.

फॉरमॅट किती क्वचित लागतो याचे एक जागतिक उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामासाठी आलेल्या एका सदोष फाइलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. निळा पडदा यायचा, संगणक पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा निळा पडदा. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. प्रोग्रामच काय, विंडोजच उघडत नव्हते. आणि उपाय काय होता? संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढेच सामान घेऊन, सुरू करायचा आणि ती एक फाइल पुसायची. एक फाइल! कोट्यवधी रुपयांची कामे खोळंबली असतानाही तंत्रज्ञांनी हार्डडिस्का सरसकट पुसल्या नाहीत, कारण त्यांना कारण ठाऊक होते.

दुकानात जावे लागणार नाही असे मी म्हणत नाही. हार्डडिस्क कटकट वाजू लागली, किंवा लाइट अचानक जाऊन विंडोजच्याच फायली दुखावल्या, तर जाणकाराकडे जायलाच हवे. जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: काय उघडत नाही, शेवटचे कधी उघडले होते, मधे काय बदलले, आणि आपण काय काय करून पाहिले. सोबत संदेशाचा फोटो. करून पाहताना एका वेळी एकच बदल करा, आणि उपयोग न झाल्यास तो मागे घेऊन मग दुसरा करा. एकदम पाच बदल करणाऱ्याचा प्रोग्राम कदाचित उघडेल, पण कशाने उघडला हे त्याला सांगता येणार नाही, आणि पुढच्या खेपेला तो पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असेल.

ज्यांच्याकडे संगणक नाही, मोबाइलच आहे, अशा श्रोत्यांसाठी जाता जाता दोन शब्द. ॲप उघडत नसेल तर फोनमधली मोकळी जागा आणि तारीख पाहा, मग फोन एकदा बंद करून चालू करा. तरी न उघडल्यास सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावावर जाऊन 'फोर्स स्टॉप' करा, आणि मग 'क्लिअर कॅशे'. त्याच्या शेजारीच 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' असे दुसरे बटण असते. पहिले नुसता केरकचरा काढते. दुसरे त्या ॲपमधली तुमची माहितीही फोनवरून पुसते. बोट ठेवण्यापूर्वी बटणावरचे नाव दोनदा वाचा.